पक्क्या शाईचा कोपरा

मी एक जुना पांढरा फळा आहे. सध्या माझा मुक्काम सायकल दुरुस्तीच्या एका दुकानात, हवा भरायच्या पंपामागे असतो. कुणाचा ब्रेक बसवायचा आहे, कुणाची ट्यूब बदलून झाली आहे, हे माझ्यावर लिहिलेलं असतं. कामाला मी कधी नाही म्हटलेलं नाही. पण मित्रांनो, एके काळी माझ्या अंगावर खेळ जन्माला येत होते. संगणकावरचा 'छत्रीवाला' तुमच्यातल्या पुष्कळांनी खेळला असेल. त्याची पहिली छत्री माझ्यावर उघडली. ऐकायला वेळ असेल तर ही हकिगत सांगतो, आणि वेळ नसेल तरी सांगणार आहे, कारण तिच्यातली एक गोष्ट आता माझ्याशिवाय कुणालाच आठवत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याच्या लांबलचक पट्टीतून मला कापलं, त्यावर गुळगुळीत पांढरा थर चढवला, पाठीला भुशाची फळी चिकटवली आणि कडेनं अॅल्युमिनियमची चौकट ठोकली. तिथल्या तपासनीस बाईंनी माझ्यावर दोन रेघा ओढल्या, कापडानं पुसल्या आणि म्हणाल्या, याच्यावर काही टिकणार नाही. आमच्या जातीत ही शाबासकी असते. मी फुशारून गेलो. पुढे आयुष्यभर हीच शाबासकी मला छळणार आहे हे तेव्हा कुठं ठाऊक होतं?

तिथून मी स्टेशनरीवाल्या काकांच्या दुकानात आलो आणि महिनाभर पुठ्ठ्यांच्या मागे उभा राहिलो. एके दिवशी एक बहीण आणि तिचा भाऊ आले. बहीण थोरली, भाऊ धाकटा. मीही त्यांना याच नावांनी ओळखतो. दोघांनी मला उचलून याच सायकलच्या दुकानावरच्या खोलीत नेलं. जिना इतका अरुंद होता, की वळणावर माझा डावा कोपरा कठड्यावर आपटून चेपला आणि धाकट्याचं बोट सापडलं. बोट तोंडात घालून तो म्हणाला, की फळा आधी आणून मग घर बांधायला हवं होतं.

त्या खोलीत दोन टेबलं, दोन संगणक आणि रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी होती. खेळ कसा असावा हे थोरली ठरवायची आणि धाकटा ते संगणकाला समजावून सांगायचा. थोरली बसून विचार करणाऱ्यातली नव्हती. उभी राहून, एका हातात मार्कर आणि दुसऱ्या हातात डस्टर घेऊन ती माझ्याशी अक्षरशः झटापट करायची. काढायची, पुसायची, मागे सरून डोळे बारीक करायची, पुन्हा काढायची. दिवसाला वीस-वीस वेळा मी कोरा व्हायचो. असा फळा भाग्यवान असतो, हे मला फार उशिरा कळलं.

एकदा खिडकीबाहेर वाऱ्यानं कुणाची तरी छत्री उलटी झाली आणि तो माणूस तिच्यामागे ओढला गेला. थोरली खो खो हसली आणि तिनं माझ्यावर एक काडीसारखा माणूस आणि त्याच्या डोक्यावर अर्धगोल काढला. गच्चीवरून गच्चीवर, वाऱ्याच्या मर्जीनं तरंगत जाणारा छत्रीवाला असा जन्मला. त्याच्याकडे बंदूक नव्हती, त्याला कुणाला मारायचं नव्हतं. पलीकडे पोचायचं एवढंच. असला खेळ कोण खेळणार, असं ओळखीच्या चौघांनी तोंडावर सांगितलं होतं. पण लोकांनी तो डोक्यावर घेतला. माणसं पत्ता काढून जिना चढून यायची आणि माझ्यावरची चित्रं बघून लहान मुलांसारखी हरखायची.

मग दुसरा भाग आला. पुढचे भाग काढले की कल्पना मरते, असं सरसकट बोलणारे लोक मी पाहिले आहेत. मी तसं बोलणार नाही, कारण दुसरा भाग होताना मी भिंतीवरच होतो. पहिल्या खेळात वारा एकाच दिशेनं वाहायचा. त्याहून जास्त धाकट्याला तेव्हा जमत नव्हतं. दुसऱ्यात वारा दिशा बदलू लागला. शिवाय थोरलीनं असं केलं, की वाटेत भिजत उभ्या असलेल्या माणसाला आपली छत्री देता यावी. मग आपण छत्रीशिवाय पुढं कसं जाणार? हा प्रश्न तिनं अकरा दिवस माझ्यावर सोडवला. पहिल्या भागाच्या मनात जे होतं ते दुसऱ्यानं पुरं केलं. मी तो भाग पहिल्यापेक्षा चांगला मानतो आणि थोरलीही मानायची.

आता त्या कोपऱ्याकडे येतो. दुसऱ्या भागाची खोकी बांधणं चालू होतं. खोक्यांवर पत्ते घालायला स्टेशनरीवाल्या काकांकडून जाड काळे मार्कर आणले होते, पक्क्या शाईचे. पत्ते लिहिता लिहिता थोरली मध्येच थांबली. लहानपणी धाकट्याला गोवर झाला होता, तेव्हा त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. थोरलीला तिकडे जायला मनाई होती. मग दोघांनी दाराच्या फटीतून एक दोरी सरकवली आणि दोन्ही टोकांनी ती ओढून ते बोलू लागले. एक हिसका म्हणजे मी आहे. दोन म्हणजे कंटाळा आला. असे सात हिसके त्यांनी ठरवले होते. ते आठवून ती तशीच उठली आणि माझ्या उजव्या कोपऱ्यात भराभर काढू लागली. दोन खोल्या, मध्ये भिंत, एक दोरी. दोघांनी खेळायचा खेळ, एकमेकांना दिसायचं नाही, बोलायचं नाही, फक्त दोरी ओढायची. खाली तिनं नऊ चौकोन काढले आणि प्रत्येकात बारीक अक्षरांत खेळ कसा पुढं जातो ते लिहिलं. नववा चौकोन लिहिताना ती इतकी आत बुडाली होती, की टाचा उंचावून उभी होती. तो लिहून झाल्यावर ती मागे सरली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या क्षणी माझ्याइतका श्रीमंत फळा जगात नसेल.

मग तिच्या लक्षात आलं, की हातातला मार्कर पत्त्यांचा आहे.

साफसफाईला येणाऱ्या मावशींनी ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं, साबण लावून पाहिला. काही हललं नाही. धाकटा हसून म्हणाला, "राहू दे ताई. आता हा खेळ केल्याशिवाय सुटका नाही आपली." दोघं हसले आणि दोघांनीही ते अगदी खरं मानलं.

त्या जागेत एक पद्धत होती. संध्याकाळी धाकटा माझा फोटो काढायचा आणि मग मावशी मला पुसायच्या, म्हणजे दिवसाचं काम हरवायला नको. पण त्या कोपऱ्याचा फोटो कुणी मुद्दाम काढला नाही. जे पुसलंच जाणार नाही, ते उतरवून कशाला घ्यायचं? इतकी हुशार माणसं, पण चूक केली ती ही.

दोरीचा खेळ तिसऱ्या भागानंतर करायचं ठरलं. लोक वाट बघत आहेत, एवढा तिसरा उरकून टाकू. तिसऱ्यात पाऊस आला, बाकी सगळं तेच होतं. मग चौथ्यानंतर करू असं ठरलं. तोवर माणसं वाढून बावीस झाली होती, शेजारच्या दोन खोल्या घेतल्या होत्या आणि खेळ विकणाऱ्या मोठ्या कंपनीचे साहेब महिन्याला एकदा येऊन माझ्यासमोर बसत होते. चौथ्यात छत्री मोठी झाली. पाचव्यात शंभर रंगांच्या छत्र्या आल्या. आता माझ्यावर चित्रं कमी आणि तक्ते जास्त असायचे. मागच्या भागाचा तक्ता वहीतून पाहून उतरवायचा आणि आकडे बदलायचे. मला दिवसाला वीसदा पुसणारी थोरली आता आठवड्यातून एकदा पुसायची. सगळे त्या काळ्या कोपऱ्याला वळसा घालून लिहायचे. नवीन आलेल्या माणसांना वाटायचं, तो फळ्यावरचा छापच आहे.

थोरली भांडली नाही असं नाही. एकदा ती धाकट्याला म्हणाली होती, की आपण एकच खोली पुन्हा पुन्हा रंगवतो आहोत. धाकट्यानंही काही वाकडं उत्तर दिलं नाही. त्यानं बाहेरच्या बावीस खुर्च्यांकडे बोट केलं. नवा खेळ पडला तर यांतल्या कुणाला घरी पाठवायचं ते तू सांग, म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं. मी दोघांच्या मध्ये होतो आणि मला दोघांचं पटत होतं. हेच तर माझं दुःख आहे. कुणी दुष्ट असता तर मी त्याला मनातल्या मनात शिव्या तरी घातल्या असत्या.

पाचव्या भागानंतर एका खेळणाऱ्याचं पत्र आलं. धाकट्यानं ते कौतुकानं चुंबक लावून माझ्यावर अडकवलं. त्यात लिहिलं होतं, "पुढे काय होणार ते मला प्रत्येक वेळी आधीच माहीत होतं, त्यामुळे फार बरं वाटलं." सगळ्यांनी ते वाचून माना डोलावल्या. थोरलीनं ते दोनदा वाचलं आणि जागेवर जाऊन बसली.

सहाव्या भागाची बैठक भर दुपारी होती. साहेब आले होते, खोली खचाखच भरली होती. थोरली मला पाठ होतील इतक्या वेळा काढलेले टप्पे निळ्या मार्करनं काढत होती. तिसावा टप्पा वादळाचा होता. मी गच्च भरलो होतो, जागा कुठंच उरली नव्हती. साहेब काहीतरी विचारत होते, ती मान वळवून उत्तर देत होती आणि तिचा हात आपला आपण उजव्या कोपऱ्याकडे गेला. त्या काळ्या रेघांवरच तिनं ढग काढला. वादळाचा ढग, म्हणून तो गडद करायला हवा. तिनं आडव्या-उभ्या रेघा मारून तो पुरता भरून काढला. नऊच्या नऊ चौकोन निळ्याखाली गेले. मित्रांनो, मी ओरडलो असतो. पण आम्हाला तोंड दिलेलं नाही, आम्हाला फक्त अंग दिलं आहे.

चहा झाल्यावर साहेब म्हणाले, वादळ विसाव्या टप्प्यात घ्या. थोरलीनं डस्टर उचललं आणि ढग पुसला. तिथं स्वच्छ पांढरं झालं. तिनं त्याच पांढऱ्यावर दुसरा आकडा लिहिला आणि बोलत राहिली.

तक्ते ठेवायचे म्हणून मला आता रोज पुसत नसत, त्यामुळे चार दिवस कुणाच्याही लक्षात आलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी मावशी मला पुसता पुसता थांबल्या आणि थोरलीला म्हणाल्या, "ताई, तो काळा कोपरा कुठं गेला? मी सहा वर्षं त्याच्या कडेकडेनं पुसतेय."

थोरली खुर्चीतून उठली नाही. बसल्या जागेवरून ती माझ्याकडे बघत राहिली आणि हळूहळू तिचा चेहरा उतरला. "मीच पुसलं," ती म्हणाली.

त्याच दिवशी स्टेशनरीवाले काका मार्करची खोकी घेऊन आले होते. त्यांना नवल वाटलं ते आमच्या अज्ञानाचं. पक्क्या शाईवर साधा मार्कर नीट घासून भरला, की साध्या शाईत पक्की विरघळते आणि दोन्ही एकदम पुसल्या जातात, हे दुकानात येणाऱ्या कुठल्याही मास्तरांना माहीत आहे, असं ते म्हणाले. "मला आधी विचारलं असतं तर तेव्हाच काढून दिलं असतं," असंही म्हणाले. त्यांना काय माहीत आपण कुणासमोर काय बोलतोय.

मग शोधाशोध सुरू झाली. धाकट्यानं सहा वर्षांचे फोटो धुंडाळले. प्रत्येक फोटोत मी होतो, पण बहुतेकांत तो कोपरा चौकटीबाहेर राहिला होता किंवा त्याच्यापुढं कुणाचं तरी डोकं आलं होतं. एका फोटोत दोन खोल्या आणि दोरी दिसली, पण खालच्या चौकोनांवर उजेड पडून नुसता पांढरा गोळा झाला होता. धाकट्यानं तो गोळा मोठा करकरून पाहिला.

दोघं माझ्यासमोर बसले. धाकटा म्हणाला, "तुझंच आहे ना ताई, आठवेल. एक हिसका म्हणजे मी आहे. दोन म्हणजे कंटाळा. तीन?"

"तीन तू ठरवला होतास."

"मला ताप होता गं. मी निम्मा वेळ झोपलेलोच असायचो. तू ओढत बसायचीस."

थोरली मार्कर घेऊन उभी राहिली. दोन खोल्या, भिंत, दोरी काढली. पुढं हात चालेना. "शेवट होता," ती म्हणाली. "चांगला शेवट होता. तो लिहिताना मी टाचा उंचावून उभी होते, एवढंच आठवतंय." तिनं आठ-दहा शेवट काढून पाहिले. मी त्यातला प्रत्येक पाहिला. त्यातले सगळे छत्रीवाल्याचे शेवट होते. पलीकडे कुणीतरी पोचतं, टाळ्या वाजतात, पुढच्या भागासाठी एक ढग शिल्लक राहतो. सहा वर्षांत तिच्या हाताला तेवढंच वळण राहिलं होतं. तेही तिला कळत होतं आणि मला बघवत नव्हतं.

महिन्यानं साहेब आले. दोरीची कल्पना चांगली आहे, वाया कशाला घालवायची, असं त्यांचं म्हणणं पडलं. सातव्या भागात छत्रीवाल्याच्या छत्रीला दोरी लागली. ती ओढली की छत्री मिटते. लोकांना ती दोरी फार आवडली म्हणे. हा भाग आत्तापर्यंतचा सगळ्यात नवा वाटतो, असं पुष्कळांनी कळवलं.

त्यानंतर जागा बदलली. नव्या जागेत काचेच्या भिंती आहेत, लिहायचं ते थेट काचेवर लिहितात. मला खालच्या सायकलवाल्या काकांना देऊन टाकलं. माणूस भला आहे. मला रोज कोरड्या फडक्यानं पुसतो आणि माझ्या चेपलेल्या कोपऱ्याला त्यानं हातोडीनं सरळ केलं. ऊन तिरपं आलं, की माझ्या अंगावर पुसट छत्र्या दिसतात. साध्या शाईनं लिहिलेलं रोज पुसलं, तरी वर्षानुवर्षं एकाच जागी तेच काढल्यावर डाग राहतोच. फक्त उजवा कोपरा लख्ख आहे. जे पक्कं होतं त्याचाच मागमूस नाही.

आता नववा चौकोन सांगतो. तो माझ्याशिवाय कुणाकडेच नाही. पलीकडून दोरी हलायची थांबते. आपण ओढतो, उत्तर येत नाही. पुन्हा ओढतो. खेळ काहीच सांगत नाही, खूण नाही, बाण नाही. खेळणारा हरलो म्हणून बसून राहू शकतो, कितीही वेळ. पण खोलीला दार आहे. पहिल्या चौकोनापासून ते तिथंच काढलेलं होतं, आणि त्याला कडी नव्हती. दाराला हात लावू नकोस असं कुणी सांगितलेलं नव्हतं, ते बंद आहे असं आपणच धरून चाललो होतो. नवव्या चौकोनात तो खेळणारा दोरी खाली ठेवतो, उठतो आणि दार ढकलतो. एवढंच. त्यापुढं काय होतं ते थोरलीनं लिहिलं नव्हतं. तेवढ्यावरच तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

गेल्या महिन्यात ती आली होती. सायकलचं चाक बसवून घ्यायला, असं काकांना म्हणाली, पण मला पाहिल्यावर चाक विसरली. केस बरेच पांढरे झाले आहेत. काकांच्या शर्टाच्या खिशातला मार्कर तिनं मागून घेतला आणि माझ्या उजव्या कोपऱ्यात दोन चौकोन काढले, मध्ये भिंत, भिंतीतून दोरी. बराच वेळ बघत राहिली. चारही बाजू तिनं नीट बंद केल्या होत्या. या वेळी तिनं दार काढलंच नाही. मग बाहीनं सगळं पुसलं आणि चाकाचं विचारलं. आठव्या भागाचं काम चालू आहे, असं ती जाताना काकांना सांगत होती.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आमच्यासारख्यांनी तुमच्याकडे काहीतरी मागायचं असतं. मला नवा पांढरा थर नको, भिंतीवरची जागा नको. तुम्ही कुठला भाग कितव्यांदा खेळता त्याच्याबद्दलही माझी तक्रार नाही. दुसऱ्या भागावर मी स्वतः जीव टाकला आहे. फक्त एखादी गोष्ट कधीच पुसली जाणार नाही असं वाटलं, की ती त्याच दिवशी उतरवून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी करायला घ्या. थोरली पुन्हा येईल असं मला वाटत नाही. आली तरी मला बोलता येणार नाही. पण तुमच्यापैकी कुणी कधी सायकल घेऊन या दुकानात आलात, तर काकांकडून मार्कर मागून घ्या. उजव्या कोपऱ्यात दोन खोल्या काढा, मध्ये दोरी काढा, आणि दार काढायला विसरू नका.